चित्र दाखविण्याची पाटी



आपण जें पाहिलें तें दुसऱ्यासहि दाखवावें, ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. यात्रेहून आलेला मनुष्य प्रसाद वांटतो, आणि त्याबरोबरच तेथल्या देवळाचें, घाटाचें, गर्दीचें वर्णनहि वांटतो. ज्याला वर्णन साधत नाहीं तो चित्राचा आधार घेतो. सांप्रत ही हौस आपल्या घराघरांतून एका नव्या प्रश्नाच्या रूपानें प्रकट होत आहे. घरांतले फोटो सर्वांना एकत्र बसून पाहतां यावेत आणि दूरच्या आप्तेष्टांस देतां यावेत, यासाठीं कोणता टॅब्लेट घ्यावा, असें लोक एकमेकांस विचारतात. ज्याला आपण बोलण्यांत नुसतें टॅब म्हणतों तीच ही कांचेची पाटी. दुकानदार या प्रश्नाचें उत्तर किंमतीनें देतो आणि जाहिरात आंकड्यांनीं देते. माझा उभा जन्म शाळेंत पाटी व खडू यांच्या संगतींत गेला. तेव्हां या नव्या पाटीचा विचार मला इतिहासाच्या अंगानें करावासा वाटतो.

मी राहतों तें वरसे हें गांव रोह्याला लागूनच आहे. कुंडलिका नदीच्या कांठचा हा मुलूख. पूर्वीचा कुलाबा जिल्हा, १९८१ सालापासून रायगड. कोंकण रेल्वे रोह्याहूनच सुरू होते. एक मुलगा मुंबईस, मुलगी पुण्यास आणि नातवंडें परदेशीं, अशी घरें आमच्याकडे थोडीथोडकीं नाहींत. गणपतीला किंवा धावीर महाराजांच्या पालखीला जीं माणसें चार दिवस एकत्र येतात, तीं पुढें वर्षभर एकमेकांना फोटोंतच भेटतात. अशा घरांत फोटो दाखविण्याचें साधन निवडणें ही केवळ चैनीची बाब राहत नाहीं.

इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, चित्र दाखविण्याच्या प्रत्येक साधनापुढें तीन प्रश्न उभे राहिलेले आहेत. पहिला, तें चित्र एका वेळीं किती जणांस नीट दिसतें? दुसरा, त्याची प्रत किती जणांच्या हातीं पोंचते? आणि तिसरा, तें किती काळ टिकतें? या तीन प्रश्नांच्या कसोटीवर जुनीं साधनें आपण एकेक करून पारखूं. म्हणजे नवें साधन कसें पारखावें हें आपोआप कळून येईल.

आरंभ आपल्याच कोंकणापासून करूं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गांव आहे. तेथील ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. रामायण-महाभारतांतील प्रसंग कागदावर रंगवावयाचे, एका आख्यानाच्या चित्रांची जुडी करावयाची आणि तिला पोथी म्हणावयाचें, अशी ही पद्धत. सावंतवाडीच्या संस्थानाचा या कलेला आश्रय होता. देवळांत दिव्याच्या उजेडांत कथेकरी बसतो, एकेक चित्र प्रेक्षकांपुढें धरतो आणि वाद्यांच्या साथीवर त्यांतील कथा गाऊन सांगतो. चित्र आकारानें बेताचेंच असतें. परंतु सांगणाऱ्याचा आवाज तें मागल्या रांगेपर्यंत पोंचवितो. प्रत मात्र एकच. ती कोणास द्यावयाची नसते; ती पाहावयाची असेल तर कथेला येऊन बसलें पाहिजे. या कलेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां पुष्कळांना पिंगुळीचें नांव प्रथमच ठाऊक झालें.

आतां छायाचित्राकडे वळूं. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याची कृति जाहीर झाली. त्याचें चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या चकचकीत पत्र्यावर उमटत असे. तें अतिशय सूक्ष्म व सुंदर असे. पण त्यांत दोन उणीवा होत्या. एक तर पत्रा विशिष्ट कोनांत धरला तरच चित्र दिसे. थोडा कलता झाला कीं त्यांत पाहणाऱ्याचेंच तोंड दिसूं लागे! दुसरें असें कीं, त्या चित्राची नक्कल काढतां येत नसे. श्रीमंताच्या पेटींत जपून ठेवण्याचा तो दागिना होता. इंग्लंडांत टॅल्बट यानें १८४१ सालीं दुसऱ्याच रीतीचें पेटंट घेतलें. तींत आधीं उलट छायेचें कागदी चित्र तयार होई आणि त्यावरून पाहिजे तितक्या सुलट प्रती काढतां येत. टॅल्बटचें चित्र दागेरच्या चित्राइतकें रेखीव नव्हतें. तरीहि पुढील काळ त्याच्याच तत्त्वाचा झाला. कारण लोकांना फोटो नुसता पाहावयाचा नव्हता, वांटावयाचाहि होता.

मुंबईनें ही विद्या फार लवकर उचलली. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी हे या सोसायटींतील आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं होते आणि स्वतः उत्तम छायाचित्रें घेत. एल्फिन्स्टनच्या वर्गांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तर पुढें मुंबईंत छायाचित्राचा धंदाच थाटला. त्याच १८५४ सालीं पॅरिसच्या दिस्देरी नांवाच्या छायाचित्रकारानें एकाच कांचेवर आठ लहान चित्रें घेण्याची युक्ति काढली. त्यामुळें भेटपत्राच्या आकाराचे फोटो स्वस्त झाले आणि ते एकमेकांस देण्याची, पुस्तकांत लावून ठेवण्याची चाल पडली. आपण ज्याला आल्बम म्हणतों त्याच्या प्रसाराला यानेंच मोठा हातभार लावला.

आपल्याकडील सामान्य घरांत मात्र फोटोच्या आधीं देवादिकांचें छापील चित्र पोंचलें. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें हलला. त्या छापखान्यांतून निघालेलीं लक्ष्मी-सरस्वतीचीं रंगीत चित्रें गांवोगांवच्या भिंतींवर लागलीं. जें तैलचित्र एखाद्या राजवाड्यांत चार माणसांनीं पाहावयाचें, तें हजारों घरांच्या देव्हाऱ्याशेजारीं येऊन बसलें. प्रत पोंचविण्याचा प्रश्न छापखान्यानें असा सोडविला. परंतु भिंतीवरील चित्र सदा डोळ्यांपुढें असल्यामुळें कांहीं दिवसांनीं तें दिसेनासें होतें, हा अनुभव सर्वांचा आहे.

एका वेळीं पुष्कळांना चित्र दाखविण्याचा जो मोठा प्रयोग महाराष्ट्रांत झाला, तो कल्याणचा. मुंबईहून आमच्या रायगडाकडे येतांना कल्याण कांहीं दूर नाहीं. पण तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांचें नांव आमच्या बाजूलाहि थोड्यांनाच माहीत आहे. युरोपांत त्या काळीं मॅजिक लँटर्न, म्हणजे जादूचा कंदील, लोकप्रिय होता. आंत दिवा, पुढें भिंग, आणि दोहोंच्या मध्यें रंगविलेली कांच सरकवावयाची. म्हणजे कांचेवरील वीतभर चित्र समोरच्या पांढऱ्या पडद्यावर पुरुषभर उंचीचें दिसतें. पटवर्धनांनीं हें यंत्र आपलेंसें केलें, त्याला शांबरिक खरोलिका असें भारदस्त नांव दिलें आणि १८९२ सालीं त्याचे खेळ सुरू केले. शंबरासुर हा मायावी. त्यावरून शांबरिक म्हणजे मायेचा. खरोलिका म्हणजे दिवा.

या खेळाची खरी थोरवी यंत्रांत नव्हती, कांचांत होती. पटवर्धन व त्यांचे पुत्र त्या कांचा हातानें रंगवीत. इंचाइंचाच्या जागेंत राम-रावणांच्या मुद्रा, वस्त्रांच्या कडा, दागिन्यांचे खडे रेखाटावयाचे, आणि तेहि अशा सफाईनें कीं, पडद्यावर अनेक पट मोठें होऊनहि चित्र विरूप दिसूं नये! एकच प्रसंग थोड्याथोड्या फरकानें अनेक कांचांवर काढावयाचा आणि एकाहून अधिक कंदिलांतून त्या कांचा भराभर बदलावयाच्या. त्यामुळें चित्रांतलीं माणसें हालतात असा भास होई. सोबत निवेदन, गाणें व वाद्यें असत. सिनेमा हिंदुस्थानांत येण्याच्या चार वर्षें आधींची ही गोष्ट आहे. पुढें १८९६ च्या ७ जुलैस मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचे चित्रपट प्रथम दाखविले गेले, १९१३ मध्यें दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र आला, आणि खरोलिकेचा काळ हळूहळू संपला. पिंगुळीच्या कथेकऱ्याचें आणि कल्याणच्या खरोलिकेचें नातें मात्र ध्यानांत घेण्यासारखें आहे. दोहोंत चित्रामागें सांगणारा उभा आहे. हें कोण, हें कोठलें, पुढें काय झालें, हें सांगितल्यावांचून चित्र पुढें सरकत नसे.

सार्वजनिक दाखविण्याचें काम सिनेमानें उचलल्यावर घरगुती चित्र आल्बमांत गेलें. ईस्टमन यानें १८८८ सालीं जो कोडॅक कॅमेरा विकावयास काढला, त्यांत शंभर फोटोंची गुंडाळी भरलेली असे. ती संपली कीं कॅमेराच कारखान्यांत पाठवावयाचा. फोटो तयार होऊन परत येत. तेव्हांपासून फोटो घेण्यास विद्येची गरज उरली नाहीं. आपल्याकडे मात्र पुष्कळ वर्षें फोटो म्हणजे लग्न, मुंज, निरोपसमारंभ, एवढेच प्रसंग. म्हणूनच एकेका फोटोची किंमत होती. पाहुणे आले कीं आल्बम बाहेर येई, आजी पान उलटी आणि नांवें सांगे.

या आल्बमाला कोंकणांत एक मोठा शत्रु आहे, तो म्हणजे पाऊस. चार महिने दमट हवा. कपाटांतील आल्बमाच्या पानांस बुरशी धरते, फोटो एकमेकांस चिकटतात आणि सोडवूं जावें तर चेहऱ्यासकट वरचा थर निघून येतो. पुराची गोष्ट तर निराळीच. २००५ च्या जुलैंत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें. अशा प्रसंगीं घरांतलें धान्य, कपडे, भांडीं पुन्हां मिळवितां येतात. पण वडिलांचा एकुलता एक फोटो भिजून गेला तर तो बाजारांत मिळत नाहीं. ज्याची प्रत दुसऱ्या गांवीं असेल त्याचाच फोटो परत येतो. टॅल्बटच्या युक्तीचें मोल पुराच्या दुसऱ्या दिवशीं कळतें.

टिकण्याच्या प्रश्नाचें दुसरेंहि एक अंग आहे. १९३६ पासून रंगीत स्लाइडा घरोघरच्या हौशी लोकांस मिळूं लागल्या. दिवाणखान्यांत अंधार करून, भिंतीवर चादर ताणून स्लाइडा पाहण्याची मौज कांहीं घरांनीं भोगली. पुढें २००४ सालीं कोडॅक कंपनीनें स्लाइड दाखविण्याचीं यंत्रें काढणें बंद केलें. स्लाइडा कपाटांत शाबूत, पण दाखविणारें यंत्र नादुरुस्त, अशी स्थिति अनेकांची झाली. चित्र टिकलें आणि साधन मेलें, हें येथें प्रथमच ठळकपणें दिसलें. पुढील विचारांत याचा उपयोग होणार आहे.

विजेच्या फोटोचा जन्म १९७५ चा. कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें असा कॅमेरा केला, कीं ज्यांत फिल्मच नव्हती. त्याचें चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचें. तें कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत आणि पाहावयाचें तें टेलिव्हिजनच्या पडद्यावर. १९९२ मध्यें जेपेग हें चित्र लहान करून सांठविण्याचें प्रमाण ठरलें. त्यामुळें फोटो तारेवरून पाठविणें सुलभ झालें. १९९७ च्या जूनमध्यें अमेरिकेंत फिलिप कान यानें आपल्या नवजात कन्येचा फोटो रुग्णालयांतूनच फोनच्या साह्यानें दोन हजारांवर लोकांस पाठविला. प्रत पोंचविण्याचा प्रश्न यानें कायमचा सुटला, असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र त्याबरोबर एक नवीच अडचण आली. आज एकेका घरांत फोटो हजारोंनीं आहेत, आणि ते ज्याच्या त्याच्या फोनांत आहेत. फोनचा पडदा एकाच्या डोळ्यांपुरता. तो दुसऱ्याच्या हातीं देण्यास मनुष्य कचरतो. आणि म्हाताऱ्या माणसाला त्यांतलें तोंड ओळखूं येत नाहीं. दागेरच्या पत्र्याप्रमाणें फोटो पुन्हां खिशांतला दागिना झाला आहे.

या ठिकाणीं टॅबचा उपयोग सुरू होतो. १९७२ मध्यें ॲलन के यानें मुलांसाठीं वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली होती. ती प्रत्यक्षांत लोकांच्या हातीं मोठ्या प्रमाणावर पोंचली ती २०१० सालीं, ॲपल कंपनीच्या आयपॅडनें. आपल्याकडे २०११ च्या ऑक्टोबरांत सरकारनें विद्यार्थ्यांसाठीं आकाश नांवाचा सात इंची स्वस्त टॅब दिल्लीस जाहीर केला. त्याचा पडदा बोटाचा दाब ओळखणारा होता व चालीनें तो मंद होता. पण पाटीसारखी वस्तु शाळेच्या दप्तरांत जाऊं शकते, ही कल्पना त्यानें घरोघर पोंचविली.

आतां आपल्या तीन प्रश्नांनीं टॅब पारखूं. किती जणांस दिसतें? येथें पहिली परीक्षा बाजूनें पाहण्याची. दुकानांत टॅबवर एखाद्या माणसाचा फोटो लावावा आणि डावीकडून, उजवीकडून, वरून पाहावें. कातडीचा रंग बदलला किंवा चित्र काळवंडलें तर तो पडदा चार जणांत बसून पाहण्यास निरुपयोगी. आयपीएस किंवा ओलेड जातीचे पडदे या परीक्षेला बहुधा उतरतात. मात्र ओलेडवर एकच चित्र तासन् तास ठेवूं नये, त्याचा डाग राहण्याचा संभव असतो. दुसरी परीक्षा उजेडाची. कोंकणांतील बैठक ओटीवर असते. म्हणून दुकानाच्या दाराशीं येऊन पडदा दिवसा उजेडीं पाहावा. तिसरी परीक्षा आकाराची. बहुतेक फोनांचे फोटो चारास तीन या प्रमाणांत असतात. सोळास दहा प्रमाणाच्या टॅबवर असा आडवा फोटो लावला तर हिशेबानें पडद्याचा सहावा भाग काळा राहतो. चारास तीन प्रमाणाच्या टॅबवर तो पुरा बसतो. चित्रपट पाहणाऱ्यानें लांबट टॅब घ्यावा, फोटो पाहणाऱ्यानें चौकोनाकडे झुकणारा घ्यावा. दहा इंचांच्या टॅबवर फोटो साडेसहा इंची फोनपेक्षां चौपट जागा व्यापतो. आजोबांच्या डोळ्यांना एवढा फरक पुष्कळ झाला. ठिपक्यांच्या आंकड्यांमागें मात्र फार धांवूं नये. लांबीस १९२० व रुंदीस १२०० ठिपके असले म्हणजे दहा इंचांस पुरतात.

प्रत कशी पोंचते? व्हॉट्सॲपवरून साधा पाठविलेला फोटो आकारानें कमी होतो. तोच पुढें पाठविला तर पुढल्या घरींहि ती कमी झालेली प्रतच जाते. जपावयाचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो जसाच्या तसा जातो. २०१७ पासून ॲपलचे फोन हाइक नांवाच्या निराळ्या घडणीचे फोटो काढतात. घरांत दोन जातींचे फोन असतील तर आपल्या टॅबवर ते उघडतात कीं नाहीं हें घेण्यापूर्वीं पाहावें. ज्या टॅबांत मेमरी कार्डाची खांच असते, त्यांत गांवीं इंटरनेट नसलें तरी दुसऱ्याचे फोटो घेतां येतात. आयपॅडला ही खांच नसते. त्याला जोडणी लागते.

किती टिकतें? येथें स्लाइड-यंत्राचा धडा आठवावा. टॅब कितीहि महाग असो, त्याला कंपनीची दुरुस्ती व नवी प्रणाली कांहीं वर्षेंच मिळते. ती किती वर्षें मिळणार हें आधीं विचारावें. तो सदा चार्जरवर लावून तसबिरीप्रमाणें ठेवल्यास बॅटरी फुगण्याचा धोका असतो. दूरच्या कंपनीच्या भांडारावर सर्व भार टाकूं नये. गूगलची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद झाली, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. टॅब हा कंदील आहे. कांचांची पेटी निराळी ठेवावी. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गांवच्या आप्ताकडे, आणि मोजके पन्नास फोटो कागदावर छापून, एवढी व्यवस्था कोणत्याहि घरास झेपण्यासारखी आहे.

हें सर्व झालें तरी एक गोष्ट यंत्रांत मिळत नाहीं, आणि तीच सर्वांत निकडीची आहे. पिंगुळीचा कथेकरी आणि आल्बमाचें पान उलटणारी आजी जें काम करीत, तें टॅब करीत नाहीं. जुन्या फोटोंतल्या माणसांचीं नांवें ज्यांना ठाऊक आहेत अशीं माणसें प्रत्येक घरांत एकदोनच उरलीं आहेत. तीं गेलीं कीं फोटो शाबूत राहतील, पण त्यांतलीं माणसें अनोळखी होतील. कोंकणच्या पावसानें होणाऱ्या नाशापेक्षां हा नाश मोठा, कारण तो झाला हेंहि कोणास कळत नाहीं. म्हणून टॅब घरीं आल्यावर पहिलें काम हें करावें: जुने फोटो दिवसा उजेडीं नीट उतरवून घ्यावेत, घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला मध्यें बसवावें, मुलांना भोंवतीं बसवावें, आणि एकेक फोटो पुढें धरून नांव, नातें, गांव व साल विचारीत जावें. तें फोटोच्या खालींच लिहून ठेवण्याची सोय या यंत्रांत आहे. वडील माणसाचा आवाजहि त्यांत उतरून ठेवतां येतो.

यंदा गणपतीला आपलीं माणसें घरीं येतील. आरती, जेवणें आटोपल्यावर तासभर तरी हातांतले फोन बाजूस ठेवून सर्वांनीं एकाच पडद्याभोंवतीं बसावें. जो टॅब अशा बैठकींत ओळीच्या टोंकाला बसलेल्या आजीलाहि नीट दिसतो, तोच आपल्या घराला योग्य, असें समजावयास हरकत नाहीं.